कासवाचा पाला बांधावरचा: बेळगाव-खानापूरकडच्या नवख्यांसाठी

आमच्या धोंडूच्या पाठीवर तेरा मोदक आहेत. कासवाच्या पाठीवर मधल्या ओळीत पाच आणि दोन्ही बाजूंना चार-चार असे तेरा मोठे खवले असतात. धोंडूचा प्रत्येक खवला मधोमध असा टोकदार वर आलाय की गणपतीच्या ताटात मोदक मांडल्यासारखं वाटतं. घरी येणारी पोरं खूश होतात. "काय भारी डिझाईन आहे ओ!" म्हणतात. मी गप्प बसतो, कारण ते डिझाईन मी चुकीचं खायला घालून केलेलं आहे आणि आता ते जन्मात जायचं नाही.

२०१५ साली सुलकाटा जातीची दोन पिल्लं आणली होती. एक मी बेळगावात, वडगावच्या घरी ठेवलं आणि दुसरं मावसभावानं जांबोटीकडं नेलं. मी शहाणा. काचेची टाकी घेतली, ती खिडकीजवळ ठेवली, खाली कोरडी वाळू पसरली. दुकानदारानं काकडी, टोमॅटो, कोबी सांगितला होता, तो रोज ताजा आणायचो. आईला कीव यायची म्हणून ती चपातीचा तुकडा टाकायची. मावसभाऊ पक्का आळशी. त्यानं गोठ्याच्या कोपऱ्यात विटांचा आडोसा केला, पिल्लू त्यात सोडलं आणि म्हशीसाठी येणाऱ्या गवतातलं मूठभर बारीक करून टाकत राहिला. गोठा धुताना पाणी तिथंही जायचं, त्यामुळं जमीन सदा ओलसर. सकाळी पिल्लू अंगणात उन्हाला.

दोन वर्षांनी दोन्ही कासवं शेजारी ठेवली. त्याचं देवळातल्या दगडी कासवासारखं गुळगुळीत आणि माझं हे असं.

तेव्हापासून मी वाचत गेलो, विचारत गेलो, चुका सुधारत गेलो. पहिल्यांदाच कासव पाळणाऱ्यांसाठी हे लिहितोय. आपल्या भागातली हवा, आपल्याकडं मिळणारा पाला आणि आपल्याकडच्या सवयी धरून लिहितोय, कारण परदेशी माहितीत लिहिलेली अर्धी झाडं आपल्या नजरेला पडत नाहीत आणि आपल्या बांधावरची झाडं त्या माहितीत नसतात.

पाल्याच्या आधी कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका.

पाठीवर चांदण्यांसारखी पिवळी नक्षी असलेलं स्टार कासव आपल्या देशातलं वन्य कासव आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानंतर ते अनुसूची एकमध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. ते विकत घेणं, पाळणं, कुणाला भेट देणं, सगळाच गुन्हा. ओढ्यात, विहिरीत, भाताच्या शेतात सापडणारी आपली देशी कासवंही घरी आणायची नाहीत. असं कासव आधीच घरात असेल तर वन खात्याला कळवून त्यांच्या ताब्यात द्या. मनानं नेऊन कुठंतरी सोडू नका.

सुलकाटा, रेडफूट अशी परदेशी जमिनीवरची कासवं पाळता येतात, पण त्यांची नोंद लागते. २०२४ च्या नियमांप्रमाणे ही नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायची असते. २०२० साली सरकारनं परदेशी प्राणी स्वतःहून जाहीर करायची मुभा दिली होती, तेव्हा मी धोंडूचं नाव घातलं आणि पुढं नवीन नियम आल्यावर परत. विकणारा "कागद लागत नाहीत ओ" म्हणाला तर पाया पडा आणि परत फिरा.

दुसरी गोष्ट. आपल्या भाषेत सगळ्यालाच कासव म्हणतात, त्यामुळं गल्लत होते. पाण्याच्या टाकीत पोहणारं, कानापाशी लाल पट्टा असलेलं जे दुकानात मिळतं, त्याचं खाणं पूर्ण वेगळं. हा लेख त्याच्यासाठी नाही. इथं मी जमिनीवरच्या, गवत खाणाऱ्या सुलकाटाबद्दल बोलतोय. रेडफूट जंगलातलं कासव आहे, त्याला थोडी फळं चालतात, अधूनमधून प्रथिनंही लागतात. ते नियम सुलकाटाला लावू नका.

आणि घेण्यापूर्वी एकदा विचार करा. गॅलापागोस आणि अल्दाब्राची कासवं सोडली तर सुलकाटा जगातलं सगळ्यात मोठं जमिनीवरचं कासव. तळहातावर मावणारं पिल्लू पुढं चाळीस-पन्नास किलोच्या वर जाऊ शकतं आणि तुमच्या नातवंडांनाही पाला आणायला लावू शकतं. घरात लक्ष्मी यावी म्हणून कासव पाहिजे असेल तर पितळेचं आणून पाण्यात ठेवा, त्याला काही घालावं लागत नाही.

पाठ कशानं वर येते

कासवाची पाठ म्हणजे घर नव्हे, हाडं आहेत. बरगड्या आणि कणा एकत्र जुळून ती ढाल झालेली असते आणि तिच्यावर आपल्या नखांसारख्या द्रव्याचे खवले. कासव वाढतं तसा प्रत्येक खवल्याच्या कडेला नवा थर येतो. हा थर आडवा सरकला तर पाठ सपाट राहते, खाली दबला तर मधला भाग वर येऊन मोदक होतो.

पूर्वी समज असा होता की जास्त प्रथिनं खाऊन हे होतं. २००३ साली ऑस्ट्रियातल्या संशोधकांचा सुलकाटाच्या पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काही पिल्लं कोरड्या हवेत, काही दमट हवेत, आणि प्रथिनांचं प्रमाणही कमी-जास्त. निष्कर्ष निघाला की पाठीच्या उंचवट्यांवर सगळ्यात मोठा परिणाम हवेतल्या दमटपणाचा होतो, प्रथिनांचा त्यामानानं किरकोळ. ते वाचल्यावर मला जांबोटीचा गोठा आठवला. मावसभावाला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "मग? मी सांगत होतो की!" त्यानं काहीही सांगितलं नव्हतं.

म्हणून काही खाल्लं तरी चालतं असं मात्र नाही. हाड पक्कं व्हायला कॅल्शियम लागतं, ते पचायला ड जीवनसत्त्व आणि ते तयार व्हायला ऊन. अन्नातलं कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान दुप्पट असावं. टोमॅटोत आणि काकडीत उलटं आहे, फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. शिवाय काकडी म्हणजे नुसतं पाणी. मी दोन वर्षं धोंडूला हिरवं पाणी चारलं.

पहिली पायरी: पिशवी घेऊन बांधावर जा

सुलकाटाच्या पोटात जे जातं त्यात आठ-नऊ भाग गवत असावं. बाकीचं एक-दोन भाग पाला आणि फुलं. फळ अजिबात नाही, कारण त्यातल्या साखरेनं पोटातले जिवाणू बिघडतात आणि कासव फुगतं.

हरळी सगळ्यात सोयीची. आपण तिलाच दूर्वा म्हणतो, शेजारच्या अक्का गरिके म्हणतात. गणपतीत दूर्वांच्या जुड्या दाराशी येतात तेव्हा धोंडूची चंगळ असते. पण पूजेत वाहिलेल्या, हळद-कुंकू लागलेल्या दूर्वा त्याला घालू नका. आजकालचं कुंकू कशाचं असतं देव जाणे. देवाला वाहण्याआधीच त्याची जुडी बाजूला काढावी, देव समजून घेईल.

पिल्लाला लांब गवत चावता येत नाही. पहिलं वर्षभर गवत कात्रीनं अगदी बारीक, कोथिंबिरीसारखं कापून द्या. पिल्लं हट्टी असतात, गवत बाजूला सारून पाला निवडून खातात. त्यावर उपाय म्हणजे पाला आणि गवत एकत्र बारीक करायचं, म्हणजे निवडायला वावच राहत नाही. घरात लहान मूल असेल तर ही युक्ती तुम्हाला ठाऊकच आहे.

गवताबरोबर काय काय चालतं: जास्वंदीची पानं आणि फुलं, तुतीचा पाला, दगडी पाला म्हणजेच एकदांडी, पाथरीची पानं, भोपळ्याची पानं. तुती लावाच. हाताएवढी फांदी मातीत खोचली की ती लागते आणि वर्षभरात कासवाला पुरून उरेल एवढी होते. माझ्याकडं कुंपणाला तीन झाडं आहेत, त्यांची पानं हेच धोंडूचं दुसरं मुख्य अन्न. शेवग्याच्या पानांत कॅल्शियम भरपूर आहे, पण प्रथिनंही पुष्कळ, म्हणून चिमूटभर. मेथीचंही तसंच. आपल्याकडची मेथी चांगली, स्वस्तही, पण आठवड्यातून एक-दोन काड्या. ती रोजची भाजी नव्हे.

फड्या निवडुंग ही आपल्या पूर्वेकडच्या लोकांची खरी श्रीमंती. अथणी, रायबाग, गोकाककडं बांधाबांधानं उभा असतो आणि कुणी त्याच्याकडं बघत नाही. त्यात पाणी आणि कॅल्शियम दोन्ही आहे, उन्हाळ्यात त्याच्यासारखं काही नाही. मोठ्या काट्यांपेक्षा बारीक केसांसारखे काटे वाईट, ते बोटात शिरले की दोन दिवस सुटत नाहीत. चिमट्यात धरून वांग्यासारखा गॅसवर चारी बाजूंनी भाजा, मग सुरीनं खरवडा आणि गार झाल्यावर तुकडे करून द्या. जास्त दिला तर जुलाब होतात, म्हणून आठवड्यातून दोनदा बास.

दुसरी पायरी: काय टाळायचं

इथं लोक जास्त चुकतात, म्हणून जरा थांबतो.

ऊसवाल्यांना हे लवकर कळेल. चिकोडी, हुक्केरीकडं म्हशीला नुसतं वाडं (उसाचे शेंडे) घालून तिला कॅल्शियम कमी पडतं हे कुठलाही दूधवाला सांगेल. वाड्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला पोटातच धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. कासवाचं तेच. पालक, राजगिरा, चाकवत, घोळ, अळू, अंबाडी, या सगळ्यांत ते जास्त. अंबाडीला आपण पुंडी म्हणतो आणि ती आपल्याला जीव की प्राण, पण कासवाला ती नको. एखाद्या दिवशी एक पान गेलं तर आकाश कोसळत नाही, पण पालक रोज घालणारी माणसं मी पाहिली आहेत. हत्ती गवतात, म्हणजे नेपियरमध्येही ऑक्झलेट बरंच असतं, म्हणून गोठ्यात येणारं सगळंच गवत डोळे झाकून चालत नाही. कोवळ्या ज्वारीच्या पोंग्यांत तर विषच असतं. ती खाऊन जनावरं दगावलेली शेतकऱ्यांना माहीत आहेत, कासवाची काय कथा.

कोबी, फ्लॉवर अधूनमधून एखादं पान. डाळ, भात, चपाती, बिस्कीट, ब्रेड, दूध, अंडं, कुत्र्यामांजराचं खाणं यातलं काहीही नाही. आईला हे पटवायला मला सहा महिने लागले. शेजारच्या काकूंना अजून पटलेलं नाही. "काय ओ, गवतावर किती दिवस ठेवणार त्या मुक्या जीवाला?" म्हणतात.

विषारी झाडं पाठच करून ठेवा: रुई, कण्हेर, धोतरा, एरंड, घाणेरी, काँग्रेस गवत, कुंडीतलं डायफेनबॅकिया. आपण बारीक कापून मिसळलेल्या ताटात चुकून एखादं पान गेलं तर त्याला ओळखता येत नाही.

फवारणी ही वेगळीच डोकेदुखी. निपाणीकडच्या तंबाखूच्या बांधावरचं गवत आणू नका, अथणीच्या द्राक्षबागेतला पाला तर कितीही हिरवा दिसला तरी नाही. तणनाशक मारलेलं गवत पहिले काही दिवस हिरवंगारच दिसतं, म्हणून शेतमालकाला विचारल्याशिवाय विळा लावू नका. हमरस्त्याच्या कडेचं गवतही नको. नर्सरीतून आणलेल्या जास्वंदीच्या मुळाशी कीटकनाशक घातलेलं असू शकतं, ते पानांत उतरतं. असं रोप दोन-तीन महिने वाढू द्या, जुनी पानं छाटून टाका आणि नव्या फुटव्यापासून सुरुवात करा. गच्चीवर दोन ट्रेमध्ये हरळी आणि एका कुंडीत जास्वंद एवढं जरी लावलं तरी पिल्लाचं एक वर्ष निघतं.

तिसरी पायरी: पाणी

माझ्या मते नवख्यानं बाकी सगळं अर्धवट केलं तरी ही पायरी पूर्ण करावी.

पिल्लाला रोज सकाळी पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवा. पाणी किती? पोटाची ढाल पाठीला जिथं जुळते तिथपर्यंत, डोकं आरामात वर राहिलं पाहिजे. ते पाणी पिईल, मुतेल, शी करेल. झालं की पुसून घ्या. यासाठी वेगळी घमेली ठेवा, स्वयंपाकघरातली परात नाही, आणि नंतर साबणानं हात धुवा. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, घरात बारकी पोरं असतील तर जास्त जपा. मोठ्या कासवाला आठवड्यातून दोन-तीनदा पुरे, उन्हाळ्यात रोज.

राहण्याची जागा पिल्लाची दमट हवी, हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास. एक साधा आर्द्रतामापक घ्या. काथ्याचा भुसा आणि माती मिसळून चार बोटं थर द्या, खालचा थर ओला आणि वरचा जवळपास कोरडा ठेवा. वरचाच चिखल झाला तर पोटाची ढाल कुजते. दमट आणि थंड हे सगळ्यात वाईट, त्यानं न्यूमोनिया होतो. दमट असेल तर उबदार असलंच पाहिजे.

मुतातला पांढरा भाग बघत जा. मऊ, दह्यासारखा असेल तर ठीक. रवाळ, खडूच्या चुऱ्यासारखा लागला तर पाणी कमी पडतंय.

पाठीला खोबरेल तेल लावून ती चकचकीत होते, मऊ होत नाही. धूळ तेवढी चिकटते. हा प्रयोग मी केलाय.

चौथी पायरी: आधी ऊन, मग ताट

कासव थंड असेल तर खाल्लेलं पोटात तसंच राहतं. म्हणून ताट कधी द्यायचं याला महत्त्व आहे. सकाळी भिजवणं, मग उन्हात तासभर, अंग तापलं की खाणं. संध्याकाळी उशिरा काही देऊ नका, कारण रात्री ते पचत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा बारा-चौदा अंशांवर येतो. सुलकाटा सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचं कासव. ते थंडीत झोपी जात नाही, आजारी पडतं. पिल्लाच्या पेटीत रात्री सिरॅमिक हीटर (उजेड न पाडता ऊब देणारा) लावा, वीज गेली तर जुन्या घोंगडीनं पेटी झाका.

ऊन काचेतून आलं तर उपयोगाचं नाही. ज्या किरणांनी ड जीवनसत्त्व तयार होतं ते काच अडवते, पॉलिकार्बोनेटचा पत्राही अडवतो. खिडकीतल्या टाकीत धोंडू दिवसभर उन्हात बसलेला दिसायचा आणि मला वाटायचं, चाललंय सगळं बरोबर. उलट बंद काचेच्या टाकीवर ऊन पडलं तर ती भट्टी होते, अर्ध्या तासात जीव जाऊ शकतो.

उघड्यावर सोडा, पण निम्म्या जागेत सावली असू द्या आणि वर जाळी घाला. घार, कावळा, मुंगूस, भटकी कुत्री, यांना तळहाताएवढं कासव म्हणजे भजं.

कॅल्शियमचं काय करायचं

पाला बरोबर असेल तर वरून फार लागत नाही. पिल्लाच्या ताटावर आठवड्यातून तीन-चार वेळा कॅल्शियम कार्बोनेटची चिमूटभर पूड, मोठ्याला आठवड्यातून एकदा. दुकानातली डबी महाग वाटली तर अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, मिक्सरला अगदी मैद्यासारखी बारीक करा, तेही कॅल्शियम कार्बोनेटच. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन मिळतो, त्याचा एक तुकडा पेटीत टाकून ठेवा. कासव त्याला कुरतडतं आणि चोचही घासली जाते.

पानाचा चुना नाही. हे वेगळं सांगतोय, कारण दोघांनी मला विचारलंय. गरोदर बाईला चुना देतात मग कासवाला का नको, असा त्यांचा हिशेब. कळीचा चुना दाहक असतो, तोंड आणि अन्ननलिका भाजते.

माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्याही नकोत. त्यांत बहुतेक वेळा ड जीवनसत्त्व घातलेलं असतं, ते जास्त झालं तर उलटं विषासारखं काम करतं. रोज उघड्या उन्हात जाणाऱ्या कासवाला वरून ड जीवनसत्त्व लागत नाही.

वर्षभराचं गणित

पाऊस सुरू झाला की गवताला तोटा नाही, पण ऊन गायब. खानापूर, कणकुंबीकडं जुलैत आठवडाच्या आठवडा सूर्य दिसत नाही. अशा वेळी सरीसृपांसाठीची यूव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातले ते ड जीवनसत्त्वाचे किरण देणारा दिवा, लागतेच. ती दिसायला चालू असली तरी वर्षभरात तिचे उपयोगी किरण क्षीण होतात, म्हणून दर पावसाळ्याच्या तोंडावर नवी घाला. ओलं गवत ढीग करून ठेवलं की आतून तापतं आणि बुरशी धरतं, त्यामुळं रोज कापा, झटका आणि सुपात पसरून पाणी निथळू द्या.

दसऱ्यानंतरचे दिवस सगळ्यात महत्त्वाचे. गवत अजून हिरवट असतं आणि ऊन कडक. तेव्हा कापून सावलीत वाळवलेलं गवत हिरवा रंग धरून राहतं आणि त्याला गोड वास येतो. पोत्यात भरून कोरड्या जागी टांगा. मी दरवर्षी चार पोती करतो. भाताचं पिंजर मात्र खायला उपयोगाचं नाही, त्यात कस नाही. पावसात भिजलेलं, काळं पडलेलं असेल तर अंथरायलाही नको.

मार्च ते मे गवत संपतं. तेव्हा वाळवलेलं गवत दहा मिनिटं पाण्यात भिजवून बारीक करायचं, त्यात तुती, जास्वंद, निवडुंग. गोकाक, अथणीकडं उन्हाळ्यात हवा पार कोरडी होते, तिकडच्यांनी पेटीत दिवसातून दोनदा पाणी शिंपडा. वळवाचा पहिला पाऊस पडला की कासव आपोआप बाहेर येतं आणि मान वर करून उभं राहतं. ते बघायला त्या दिवशी मी सुट्टी टाकायलाही कमी करत नाही.

किती, आणि बरोबर चाललंय हे कसं ओळखायचं

पिल्लाला रोज त्याच्या पाठीच्या आकाराएवढा ढीग. वर्ष उलटलं की गवत पाहिजे तेवढं, पाला मोजून. ताट शहाबादी फरशीच्या तुकड्यावर वाढा. वाळूवर वाढलं तर वाळू पोटात जाते, आणि फरशीच्या खरबरीत दगडावर खाताना वाढलेली चोच आणि नखंही आपोआप झिजतात, तो फायदाच.

दर रविवारी वेगळ्या ठेवलेल्या काट्यावर वजन करा, वहीत लिहा. आकडा हळूहळू वर गेला पाहिजे. एकदम उडी मारत असेल तर तुम्ही जास्त चारताय. सलग दोन-तीन आठवडे खाली येत असेल तर काहीतरी बिघडलंय. खवल्यांच्या मधे फिकट रंगाची बारीक रेघ दिसते, ती नवी वाढ. ती रेघ खवल्यांच्या पातळीला असावी, दरीसारखी खोल जाऊ लागली की दमटपणा वाढवा, तेव्हाच. विष्ठा घोड्याच्या लिदीसारखी हवी, फोडली तर आत गवताचे धागे दिसणारी. पातळ झाली तर पाला कमी, वाळलं गवत जास्त.

आधी वर आलेले उंचवटे कशानंही सपाट होत नाहीत, पण त्यापुढची वाढ सरळ करता येते. धोंडूच्या प्रत्येक मोदकाच्या पायथ्याशी आता दोन-अडीच बोटं रुंद सपाट पट्टा आहे, तो २०१७ नंतरचा.

डॉक्टरकडं कधी जायचं: पाठ बोटाला दबत असेल (अगदी नवं पिल्लू सोडून, त्याची जराशी लवचिक असतेच), पाय फरफटत असेल, नाकातून फेस येत असेल, डोळे सुजून मिटले असतील, किंवा उबेत असूनही चार-पाच दिवस तोंड लावलं नसेल. गुरांचा डॉक्टर मिळणं सोपं, कासव बघणारा मिळणं अवघड. म्हणून कासव घरी आणण्याच्या आधीच विचारून नंबर लिहून ठेवा. जाताना वजनाची वही आणि काय-काय खायला घालता त्याची यादी बरोबर न्या. त्या यादीत चपाती असेल तर तीही लिहा, लपवू नका.